भेंडाईच्या सड्यावरचे चौकोन

कोल्हापूर, ५ जानेवारी १९७८

चि. नृसिंह यास,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात वेगळे मागू नकोस.

तीन वर्षांत तुला हे माझं पहिलं पत्र. खरं म्हणजे पहिलं तू लिहायला हवं होतंस, धाकटा तू आहेस. पण नागपूरच्या कॉलेजात मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवून हात दुखत असेल, म्हणून मीच लिहिते. मीनाक्षी दिवाळीला लिहिते तेव्हा शेवटी एक ओळ असते, 'यांचं बरं चाललंय.' बायकोच्या पत्रात नवऱ्याला एक ओळ, आणि बहिणीला ती वाचायची.

हे पत्र भांडण मिटवायला लिहिलेलं नाही. भांडण आहे तिथंच राहू दे. खंडेनवमीच्या पूजेला सगळ्या कामगारांसमोर मी तुला बोलले हे खरं, पण 'आक्का, अर्धं जंगल संपलं, आता यंत्राची पूजा कसली करता, कुऱ्हाडीची करा' हे तूही सगळ्यांसमोरच म्हणालास. हिशेब पुरा झाला.

काम धंद्याचं आहे. कानपूरचे चामड्याचे व्यापारी आले होते. आपल्या हिरड्याच्या अर्कावर त्यांचं चामडं चांगलं कमावलं जातं म्हणे. तांबडा रस्सा प्यायले, डोळे पुसले, आणि पाच वर्षांचा करार काढून पुढं ठेवला. माल आजच्या दुप्पट. म्हणजे दुसरा बॉयलर बसवायला हवा. तुझे भाऊजी गेले तेव्हा 'बाईनं कारखाना विकावा' असं अख्खी पेठ म्हणत होती, त्या पेठेसमोर मी दुसरा बॉयलर बसवणार, हे तूही समजू शकतोस. मी पेन उघडलं होतं.

तेवढ्यात शेठजी म्हणाले, "बहनजी, आपका जंगल पहले कितना था, और अब कितना है?"

मी म्हटलं, "भरपूर."

"भरपूर कोई नाप नहीं होता." त्यांना एकानं असंच भरपूर सांगितलं होतं. त्याच्या भरवशावर यांनी यंत्रं घेतली आणि तिसऱ्या वर्षी त्याची झाडं संपली. तेव्हा आता आकडा दिल्याशिवाय सही नाही. होळीपर्यंत मुदत दिली आहे.

मी लगेच आपल्या गोण्यांचा आकडा दिला. दरवर्षी गोण्या वाढताहेत, म्हणजे जंगल वाढतंय. शेठजींनी तो कागद घडी करून मलाच परत दिला. नंतर पिराजी भेंडाईवाडीहून माल घेऊन आला, त्याला विचारलं. गावातून हिरडा गोळा करून आणायचं काम अजून तोच करतो. म्हणाला, "गोण्या वाढल्यात ते माणसं वाढल्यात म्हणून, आक्का. आधी घराच्या मागं मिळायचा हिरडा. आता दोन डोंगार पलीकडं जायाला लागतंय."

हे त्यानं आधी का सांगितलं नाही विचारलं, तर म्हणाला, "इचारलंसा कवा?"

तू जाताना तुझं मोजणीचं गणित बरोबर नेलंस. असेल तर पाठव. नसेल तरी अडत नाही, मी माझी पद्धत काढते.

आक्का


कोल्हापूर, २४ जानेवारी १९७८

चि. नृसिंह यास,

तुझं उत्तर नाही. टपालखात्याची चूक असेल असं धरून पुढं लिहिते.

माझी पद्धत काढली. भेंडाईवाडीत म्हाताऱ्यांना विचारलं, पूर्वी जंगल किती होतं? सगळे म्हणाले, "लई हुतं." आता किती आहे? "हाय की." यापुढं कुणी जाईना. शेवटी एक जण म्हणाला की पूर्वी सड्याच्या खडकाळ पठाराखाली म्हस हरवली तर आठवडाभर मिळायची नाही, आता जेवणवेळेच्या आत मिळते.

मला ते पटलं. निदान मोजता येण्यासारखं तरी होतं. पिराजीची म्हैस मागितली. विठाबाई, म्हणजे त्याची बायको, नको म्हणत होती, पण पिराजीला माझ्यासमोर नाही म्हणता येत नाही. ड्रायव्हर आकारामनं कारखान्याचा ट्रक सड्याखाली लावला आणि आम्ही म्हैस जंगलात सोडली. मी घड्याळ बघत ट्रकपाशी उभी. म्हैस आत गेली, वळली, आणि सरळ ट्रककडे आली. आकारामनं स्वतःच्या गाईसाठी पेंडीचं पोतं आणलं होतं, त्याचा वास तिला लागला.

या हिशेबानं जंगल अजिबात शिल्लक नाही असं निघालं. ते काही खरं नव्हे. म्हणून दुसऱ्या दिवशी ट्रक लांब पाठवून परत सोडली. ती चार दिवस मिळाली नाही. म्हणजे जंगल बरंचसं आजोबांच्या वेळेइतकं. मी शेठजींना पत्र लिहायला बसले होते, एवढ्यात पिराजी आला. म्हैस पलीकडच्या गावात एकाच्या गोठ्यात सापडली. तिथं ती व्यवस्थित दूध देत होती, आणि तो माणूस म्हणत होता की देवानं धाडली.

विठाबाई माझ्याशी बोलत नाही. पिराजी म्हणाला, "आक्का, म्हस काय घड्याळ हाय व्हय?"

आता उत्तर पाठव. नाही पाठवलंस तर मी बैल सोडेन.

आक्का


कोल्हापूर, ९ फेब्रुवारी १९७८

चि. नृसिंह यास,

मीनाक्षीचं पत्र पोचलं. 'यांना विचारलं असता यांनी पुढीलप्रमाणे सांगितलं' अशी सुरुवात आहे आणि पुढं चार पानं तुझ्या अक्षरात. पहिल्या ओळीपुरतीच तिनं तुला मदत केलेली दिसते. मीही मग तिलाच उत्तर लिहायला हवं, पण पाकिटावर तुझं नाव आधीच घातलं आहे.

तुझं म्हणणं मला समजलं ते असं. आजचं जंगल नुसतं मोजून काही कळत नाही. आधीचं एक साल धरायचं, त्या सालाचा नकाशा घ्यायचा, आणि त्याच जागा आज तशाच्या तशा बघायच्या. मधेच सोयीचं दुसरं साल धरायचं नाही. नकाशावर सारखे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात स्वतः जायचं, ट्रकमधून बघायचं नाही (हे तू कुणासाठी लिहिलंस ते कळलं). आणि सगळ्यात आधी जंगल कशाला म्हणायचं ते ठरवून लिहून ठेवायचं, मग जीव गेला तरी बदलायचं नाही.

नकाशा मिळवला. संस्थानच्या वेळचा, १९३८ सालचा. तुझा जन्म त्याच सालचा, तेव्हा त्या सालाबद्दल तुला तक्रार नसावी. भूमापन कार्यालयातून निवृत्त झालेले दत्तोपंत आहेत, त्यांच्याकडून नक्कल काढून घेतली. माणूस हुशार आहे, हात सुरेख आहे, पण रंगाचा लोभी. हिरवा रंग उरला म्हणून त्यांनी तळंसुद्धा हिरवं केलं. मी विचारलं तर म्हणाले, "कालिंदीबाई, पाणी तसं हिरवंच असतं." तळं पुन्हा निळं करायला लावलं.

भेंडाईच्या सड्याभोवतीच्या जुन्या जंगलाचे मोजून शंभर चौकोन पडले. दत्तोपंतांना शंभर आकडा फार आवडला.

जंगल कशाला म्हणायचं यावर मात्र कारखान्याच्या ऑफिसात अख्खी दुपार गेली. मी म्हटलं, जिथं हिरडा मिळतो ते जंगल. दत्तोपंत म्हणाले, सरकारदप्तरी ज्याची वन म्हणून नोंद आहे ते, मग तिथं काडी नसली तरी. पिराजी म्हणाला, "जितं माणूस एकटा गेला की माघारी वळून बघतंय, ते जंगल." मग दत्तोपंत म्हणाले की त्यांना त्यांच्या गल्लीतसुद्धा मागं बघावं लागतं, कुत्री आहेत.

शेवटी असं लिहिलं: आपोआप उगवलेली, निरनिराळ्या जातींची झाडं, फांदीला फांदी लागलेली, आणि तीही चौकोनाच्या निम्म्याहून जास्त भागात. तिघांनी सह्या केल्या. पिराजीनं अंगठ्याऐवजी सही केली, त्याला येते हे मला ठाऊक नव्हतं.

आक्का


भेंडाईवाडी, १९ फेब्रुवारी १९७८

चि. नृसिंह यास,

हे पिराजीच्या ओसरीवर बसून लिहिते आहे. विठाबाई बोलायला लागली आहे, पण फक्त म्हशीबद्दल.

निम्मे चौकोन झाले. दत्तोपंत छत्री घेऊन चालतात, ऊन असो नसो. नकाशा त्यांच्याकडे, काठी माझ्याकडे, वाट पिराजीकडे. काही चौकोनांत जंगल तुझ्या भाऊजींच्या वेळी होतं तसंच आहे. एका ठिकाणी तर इतकं दाट की दत्तोपंतांची छत्री उघडेना, आणि उघडल्यावर मिटेना. तिथं मला बरं वाटलं. मी दोनदा विचारलं, "हा चौकोन धरला ना?"

बाकी ठिकाणी नाचणीची शेतं, कुठं नुसती खुरटी झुडपं, कुठं खडक.

आज एका उतारावर गेलो तर लांबून गच्च हिरवं. मला इतका आनंद झाला की मी पुढं धावले. या वयात. जवळ जाऊन बघते तर निलगिरी. ओळीत लावलेली, शाळेच्या कवायतीसारखी. खाली ना झुडूप, ना पाखरू. दत्तोपंत हिरवा रंग काढून बसले. म्हणाले, "झाडं आहेत की नाहीत?" मी म्हटलं, "आहेत." "मग हिरवं?"

खरं सांगते, मी जरा थांबले. शेठजी काही सड्यावर येऊन बघणार नव्हते, आणि तो उतार फार मोठा आहे, बरेच चौकोन आहेत त्यात. पिराजी म्हणाला, "आक्का, हितं हिरडा लागायचा न्हाय. लावल्याली झाडं ही. आपण लिवलंय काय, आपोआप उगवल्याली." सही केली होती ना, आता तो ते वाक्य सारखं म्हणतो.

नाही धरले. पिवळा रंग दिला. दत्तोपंतांनी हिरवा रंग पिशवीत पार तळाशी ठेवून दिला.

आक्का


भेंडाईवाडी, २३ फेब्रुवारी १९७८

चि. नृसिंह यास,

आज फार लिहीत नाही.

पश्चिमेच्या कोपऱ्यातले चौकोन बघितले. जुन्या नकाशात तिथं सगळ्यात गर्द रंग आहे. आज तिथं बुंधे आहेत, ताजे. कडेला तोडलेल्या लाकडांची रास, आणि राशीला लागून एक ट्रक. ट्रकवर कुणाचं नाव आहे ते दत्तोपंतांनी चष्मा पुसून परत वाचलं. आकाराम खाली बसून चहा पीत होता.

"आक्का, तुमी हितं कशाला आलासा?" म्हणाला.

मी विचारलं, तू काय करतोस.

"आपल्या बॉयलरचं जळाण न्हाय व्हय? ठेकेदार तोडतोय, मी भरतोय. दर आठवड्याला हितनंच जातंय की."

त्यानं मलाही चहा विचारला. चांगला चहा होता.  परत येताना पिराजीनं सही केलेलं वाक्य एकदाही म्हटलं नाही.

थंडी आहे. मीनाक्षीला सांग, तुझा जुना स्वेटर अजून माझ्या ट्रंकेत आहे.

आक्का


कोल्हापूर, २६ मार्च १९७८

चि. नृसिंह यास,

मोजणी संपली. तुला आकडा हवा असेल, पण आधी बाकीचं.

लाकडाचा ठेकेदार बंद केला. अर्क काढून उरलेला हिरड्याचा चोथा आपण इतकी वर्षं ओढ्याकाठी फेकत होतो, तो वाळवून बॉयलरला घालून बघितला. जळतो. धूर होतो, शेजारच्या फाउंड्रीवाल्यानं येऊन विचारलं की तुमच्याकडे काही वाईट झालं का. कमी पडेल तिथं दगडी कोळसा. हे मी तुझ्या त्या दिवशीच्या बोलण्यामुळं केलं असं समजू नकोस. चोथ्याचा वास येत होता, म्हणून केलं.

दुसऱ्या बॉयलरचा पाया खणून झाला होता. तो तसाच राहिला. त्या खड्ड्यावर पत्रे टाकून चोथा वाळवतो. पेठेतून लोक येतात, खड्डा बघतात, "काय वहिनी, बॉयलर कुठाय?" विचारतात. मी म्हणते, "वाळतोय."

शेठजी होळीच्या आदल्या दिवशी आले. मी नकाशे समोर पसरले, १९३८ चा आणि आत्ताचा. निलगिरी दाखवली, पश्चिमेचा कोपरा दाखवला. तिथं कुणाचा ट्रक होता तेही सांगितलं, कारण दत्तोपंत माझ्याकडे बघत होते. शेठजी नकाशावर वाकून एकेक चौकोन बोटानं मोजू लागले. मला वाटलं, आता उठतील आणि जातील, आणि पेठेत मी वर्षभर मान खाली घालून फिरेन.

म्हणाले, "दुगना माल तो नहीं हो सकता, बहनजी." मी म्हटलं, "नाही." मग त्यांनी करारात दुप्पट खोडून आजचा आकडा घातला, आणि पाच वर्षांच्या जागी दहा केली. अट एकच, हा नकाशा दरवर्षी नवीन करून पाठवायचा. जाताना दत्तोपंतांना विचारलं की ते कानपूरला येतील का. दत्तोपंत म्हणाले, तिथं कुत्री किती आहेत त्यावर अवलंबून.

आता आकडा. शंभरातले बावन्न चौकोन अजून जंगल आहेत.

तू त्या खंडेनवमीला अर्धं संपलं म्हणाला होतास. अर्धं म्हणजे पन्नास. तेव्हा तू चुकलास. दोन चौकोनांनी का होईना, पण चुकलास, आणि एवढं सगळ्यांसमोर बोलण्याआधी माणसानं मोजून घ्यावं. हे मी आज सगळ्या कामगारांना बोलावून सांगितलं.

ते दोन चौकोन वाडीच्या वरच्या अंगाला आहेत. पूर्वी तोडून तिथं नाचणी केली होती, आता कुणी करत नाही, आणि हिरड्याची रोपं आपोआप वर आली आहेत. मी ती स्वतः बघितली आहेत.

आक्का


कोल्हापूर, ४ एप्रिल १९७८

चि. सौ. मीनाक्षी हिला,

या वेळी तुलाच लिहिते, कारण ज्याला लिहायचं तो माझ्या माजघरात घोरतोय.

त्याची तार मला मिळाली होती. 'दोन चौकोन चूक. येतो.' एवढीच. कसा आहेस, मी कसा आहे, काही नाही. तारेचे शब्द महाग असतात हे मला माहीत आहे, पण 'आक्का' हा एकच शब्द आहे.

आला तो घरी आलाच नाही. बसमधून उतरून थेट कारखान्यात. मी ऑफिसात होते, मला कामगारानं सांगितलं, साहेब बॉयलरपाशी उभे आहेत. मी गेले. केस पांढरे झालेत त्याचे, तू कधी लिहिलं नाहीस. भट्टीचं दार उघडून आत बघत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "चोथा ओला आहे. अजून दोन दिवस वाळवायला हवा. म्हणून धूर येतो."

मी म्हटलं, "तुझा सल्ला मागितला नव्हता." मग आम्ही जेवायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सड्यावर. मी, तो, पिराजी आणि छत्री घेतलेले दत्तोपंत. त्या दोन चौकोनांत रोपं खरंच आहेत, काही माझ्या कमरेला लागतात. हा एकेक रोप हातानं धरून बघत होता, लहान मुलाचा ताप बघावा तसा. मग उठला आणि म्हणाला, "छान आहेत. पण हे जंगल नाही. तुमच्याच कागदावर काय लिहिलंय? फांदीला फांदी. कुठं आहे फांदी?"

मी म्हटलं, "येईल."

"येईल तेव्हा धरू. नियम तुम्ही केलात, आक्का. माझा असता तर मी सोडलाही असता."

दत्तोपंतांनी कागद काढून वाचला आणि दुर्दैवानं तसंच लिहिलं होतं. मी पिराजीकडे बघितलं. पिराजी म्हणाला, "सायब, बारक्या पोराला माणूस म्हणायचं का न्हाय?"

"म्हणायचं," नृसिंह म्हणाला, "पण मतदान करू द्यायचं नाही."

पिराजी इतका हसला की खाली बसला. मीही हसले असते, पण मी हरत होते.

भांडण वाडीपर्यंत चाललं. विठाबाईनं भाकरी वाढताना ऐकलं आणि नवऱ्याला विचारलं, ही दोघं जमिनीच्या वाटणीवरनं भांडत्यात काय. शेवटी दत्तोपंतांनीच मार्ग काढला. त्यांच्याकडे एक पोपटी रंग पडून होता. ते दोन चौकोन पोपटी केले. हिरवेही नाहीत, रिकामेही नाहीत. नृसिंह म्हणाला, ठीक आहे, पण हे दरवर्षी बघायला हवं, याच महिन्यात, याच जागी, नाहीतर आक्का हळूच हिरवे करून टाकतील. मी म्हटलं, दरवर्षी नागपूरहून कोण येणार? दत्तोपंतांचे गुडघे गेले, पिराजी माझ्यासमोर नाही म्हणत नाही, आणि माझ्यावर तर तुझा विश्वासच नाही.

तो म्हणाला, "मग मलाच यावं लागेल. काय करणार."

मी म्हटलं, "बघ बाबा, तुझी अडचण होत असेल तर."

पुढच्या वर्षी तूही ये. मुलांनाही आण, सड्यावर त्यांना आवडेल. रोपं भराभर वाढताहेत असं पिराजी सांगतो. वाढू देत. पण पन्नास की बावन्न, हे इतक्यात ठरू नये असं मला वाटतं. हे त्याला सांगू नकोस.

तुझी,
आक्का